१४३व्या टर्नला काय बिनसलं?

अंतराळातल्या एका स्ट्रॅटेजी गेममधला माझा १४३वा टर्न, म्हणजे १४३वी पाळी, संपवला आणि पडद्यावर जांभळ्यांचा, म्हणजे संगणक चालवत असलेल्या एका साम्राज्याचा, दूत आला. आमची युती ८८व्या टर्नला झाली होती. त्यानंतरचे पंचावन्न टर्न आम्ही एकमेकांच्या सूर्यमालांतून ये-जा केली, एकमेकांच्या तळांवर जहाजं दुरुस्त करून घेतली, हिरव्यांशी एक अख्खं युद्ध खांद्याला खांदा लावून लढलो. दूत म्हणाला, "आमचा संयम संपला आहे." खाली एकच बटण होतं, "ठीक आहे." ते दाबलं आणि माझ्या तीन वसाहतींवर एकाच वेळी हल्ला झाला.

हरण्याचं मला वाईट वाटलं नाही. अंतराळातले स्ट्रॅटेजी गेम मी बरीच वर्षं खेळते आहे, त्यात हरणं चालायचंच. पण हरल्यावर आपलं कुठे चुकलं ते कळावं, एवढी माझी अपेक्षा असते. इथे ते कळायला वावच नव्हता. डिप्लोमसीच्या, म्हणजे इतर साम्राज्यांशी वाटाघाटी करायच्या, पडद्यावर प्रत्येक साम्राज्यापुढे संबंधांचा एक आकडा असतो. जांभळ्यांपुढचा आकडा १३७व्या टर्नला अधिक ५२ होता आणि युद्धाच्या टर्नला उणे ३४. सहा टर्नांत ८६ गुण घसरले होते. त्या आकड्यावर माऊस नेला तर "संबंध: शत्रुत्वाचे" असं यायचं. ते शत्रुत्वाचे आहेत हे मला त्यांच्या तोफांनीच सांगितलं होतं.

गेम एका छोट्या टीमचा आहे, अजून अर्ली ॲक्सेसमध्ये आहे, म्हणजे पूर्ण होण्याआधीच खेळायला खुला केलेला. नाव देत नाही, कारण मी जे सांगणार आहे ते या प्रकारच्या कितीतरी गेमना लागू पडतं. शिवाय त्या टीमने माझ्याशी जो व्यवहार केला तो फार चांगला होता, तोही पुढे येईलच.

त्याच रात्री मी डेव्हलपरना लांबलचक पत्र लिहिलं. त्यात एकोणीस सूचना होत्या. हेर हवेत, गॅलेक्सीची संसद हवी, मांडलिकांकडून खंडणी वसूल करण्याची सोय हवी, राजघराण्यांच्या सोयरिकी हव्यात. जे जे इतर गेममध्ये आवडलं होतं ते सगळं त्या यादीत होतं. १४३व्या टर्नचा उल्लेख शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, एका वाक्यात होता. तीन दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. "सेव्ह फाईल पाठवू शकाल का? आणि त्या टर्नला काय व्हायला हवं होतं असं तुम्हाला वाटतं?"

पहिला प्रश्न सोपा होता. दुसऱ्यावर मी अडले. काय व्हायला हवं होतं? त्यांनी युद्ध पुकारायलाच नको होतं, असं मला म्हणायचं नव्हतं. मित्र उलटू शकतो म्हणून तर राजकारणात मजा असते. मग माझी तक्रार नेमकी कशाबद्दल होती? या प्रश्नाचं उत्तर एकोणीस सूचनांपैकी एकीतही नव्हतं.

मग मी वही काढली. गेम दर पाच टर्नांनी ऑटोसेव्ह करतो, म्हणजे डाव आपोआप फाईलमध्ये साठवतो, त्यामुळे १३५व्या टर्नची फाईल हाताशी होती. तिथून पुढे मी अकरा वेळा खेळले, बदलायची तर एका वेळी एकच गोष्ट बदलून. पहिल्या तीन वेळा मी काहीच बदललं नाही, फक्त युद्ध नक्की होतं का ते पाहिलं. तिन्ही वेळा झालं. मग वाटलं, हिरव्यांशी तह झाल्यावर मी त्यांच्याशी व्यापार सुरू केला होता, त्याचा राग असेल. दोनदा तो करार मोडून पाहिला. दोन्ही वेळा युद्ध. मग दोनदा जांभळ्यांना भरघोस खनिजं भेट दिली. युद्ध दोन टर्न पुढे गेलं, टळलं नाही. उरले चार डाव. त्यात मी माझा ताफा मागे घेतला, आणि चारही वेळा १६०व्या टर्नपर्यंत जांभळे मित्रच राहिले.

हा ताफा म्हणजे हिरव्यांच्या युद्धातून परतलेली नऊ जहाजं. त्यातली सहा इतकी मोडली होती की त्यांच्या नावापुढे लाल पट्टी दिसत होती. युती असल्यामुळे जांभळ्यांच्या सीमेवरच्या तळावर थांबण्याची मला रीतसर परवानगी होती, म्हणून १३७व्या टर्नला ती मी तिथे नेऊन उभी केली. संबंध घसरायला लागले ते त्याच टर्नपासून.

पण ती तिथे का नेली? कारण गेमनेच तसं शिकवलं होतं. ट्युटोरियलमध्ये, म्हणजे गेम कसा खेळायचा ते शिकवणाऱ्या भागात, पहिल्या लढाईनंतर एक खिडकी उघडते, "जखमी जहाजं जवळच्या तळावर दुरुस्तीला पाठवा." जवळचा तळ जांभळ्यांचा होता. म्हणजे ट्युटोरियलने शिकवलेलं मी इमानेइतबारे केलं आणि डिप्लोमसीने त्याचीच शिक्षा दिली. वहीत हे लिहिताना माझ्या हाताला घाम आला होता. ज्या दोन गोष्टी मी वेगळ्या समजत होते, गेम कसा शिकवतो आणि गेममधली साम्राज्यं कशी वागतात, त्यांचं मूळ एकच निघालं. राजकारणाचे नियम आत होते, ते खेळाडूपर्यंत पोचवायचं काम कोणाकडेच नव्हतं.

या प्रकारच्या गेमना '४एक्स' म्हणतात. १९९३ साली 'मास्टर ऑफ ओरायन' येणार होता तेव्हा ॲलन एम्रिच या समीक्षकाने त्याच्याबद्दल लिहिताना हा शब्द रूढ केला. शोधा, पसरा, उपसा, संपवा, अशा अर्थाची ती चार इंग्रजी क्रियापदं. त्यांत 'बोला' नाही. पण खुद्द त्याच गेममध्ये सगळ्या साम्राज्यांची परिषद भरायची आणि दोन-तृतीयांश मतं मिळवणारा सम्राट ठरायचा, म्हणजे न लढताही जिंकता यायचं. आपल्याकडे साम, दाम, दंड, भेद असा क्रम सांगतात. या प्रकारच्या गेमचा माझा आजवरचा अनुभव असा की दंडाचे नियम शंभर पानांत समजावलेले असतात आणि सामाच्या वाट्याला एक बटण येतं.

सामाचे नियम खेळाडूला उघड दाखवण्याचं काम कुणी केलंच नाही असं नाही. २००५च्या 'सिव्हिलायझेशन ४'मध्ये समोरचा राजा तुमच्यावर का खूश आहे किंवा का चिडला आहे त्याची अधिक-उणे आकड्यांसह यादी दिसायची. "तुम्ही आमच्या मित्रावर युद्ध पुकारलंत", उणे अमुक. "आपला व्यापार चांगला चालला आहे", अधिक तमुक. २०१६च्या 'स्टेलारिस'मध्ये प्रस्ताव पाठवण्याआधीच समोरचा तो मानेल की नाही आणि कोणत्या कारणांनी, हे माऊस नेला की कळतं. मला हेच हवं होतं आणि याचे नमुने डोळ्यांसमोर होते. तरी पहिल्या पत्रात मी सोयरिकी मागत बसले होते.

आता ट्युटोरियल. मला तो गेम पाठ होता, त्यामुळे नवख्या माणसाला तो कसा दिसतो हे मला कळणं शक्य नव्हतं. माझी तेरा वर्षांची भाची सुट्टीला आली होती. तिला म्हटलं, खेळून बघ. मी शेजारी बसेन, पण काही सांगणार नाही. हे पाळणं सगळ्यात अवघड गेलं. ती चुकीच्या ठिकाणी क्लिक करायची आणि माझा हात आपोआप पडद्याकडे जायचा. शेवटी मी दोन्ही हातांनी वही धरून बसले.

पहिला टर्न संपवू देण्याआधी गेमने बावीस खिडक्या दाखवल्या. नमनालाच घडाभर तेल. चौथ्या खिडकीपर्यंत ती वाचत होती. नवव्या खिडकीला तिने माझ्याकडे पाहून विचारलं, "मावशी, हे सगळं वाचायचं असतं का?" मी काही बोलले नाही. तिथून पुढे ती नुसतं "पुढे, पुढे" करत गेली.

बाराव्या खिडकीनंतर जे झालं ते मी मिनिटामिनिटाने लिहून ठेवलं आहे. एक पिवळा बाण संशोधनाचं बटण दाखवत होता. पण तिने आधीच कुतूहलाने आपला ग्रह उघडला होता आणि ग्रहाच्या माहितीची चौकट नेमकी त्या बटणावर आली होती. त्यामुळे बाण आता चौकटीतल्या लोकसंख्येच्या आकड्याकडे रोखलेला दिसत होता. तिने त्या आकड्यावर सात वेळा क्लिक केलं. मग उजवं बटण दाबून पाहिलं. मग आकडा धरून ओढायचा प्रयत्न केला. चार मिनिटं ती बाणाचं म्हणणं ऐकत होती आणि गेम तिला दाद देत नव्हता. चौकट बंद करायची हे तिला सुचण्याचं काही कारण नव्हतं. चौकट तिने स्वतः उघडली होती, अडचण त्या चौकटीचीच आहे हे तिला कोण सांगणार?

आणि डिप्लोमसी? त्या बावीस खिडक्यांत तिच्या वाट्याला एक वाक्य होतं, "इतर साम्राज्यांशी बोलण्यासाठी दूताच्या चिन्हावर क्लिक करा." एकविसाव्या टर्नला भाचीला पहिला शेजारी भेटला. त्याच्या अभिवादनाला दोन उत्तरं देता येत होती, "आम्ही मैत्रीने आलो आहोत" आणि "आमच्या वाटेला जाऊ नका." तिने विचारलं, "मैत्रीने म्हटलं की त्यांना काही द्यावं लागतं का?" मी गप्प राहिले, पण खरं सांगायचं तर मलाही उत्तर माहीत नव्हतं. दोनशे तास खेळून माहीत नव्हतं. (नंतर कळलं की पहिलं उत्तर दिलं तर दहा गुण मिळतात आणि बाकी काही होत नाही.)

दुसरं पत्र लिहायला मला आठवडा लागला. या वेळी दीड पान आणि दोन सेव्ह फाईली. पहिल्या भागात अकरा डावांचा तक्ता आणि त्याखाली त्यांच्या प्रश्नाचं उत्तर होतं. जांभळ्यांनी मला सांगायला हवं होतं. ताफा आला त्या टर्नला आकड्याशेजारी "सीमेवर युद्धनौका" हे कारण दिसायला हवं होतं, पुढच्या टर्नांत दूताने येऊन विचारायला हवं होतं, आणि त्यानंतरही मी ताफा हलवला नसता तर त्यांनी खुशाल युद्ध पुकारावं.

इथे मी दोन जुन्या गोष्टींचा आधार घेतला. १९५९ साली बाजारात आलेला 'डिप्लोमसी' हा ॲलन कॅलहॅमर यांचा पटावरचा खेळ सात जण खेळतात. त्यात फासे नाहीत, विश्वासघात मात्र पावलोपावली. पण तिथे विश्वासघात करणारा तुमच्यासमोर बसलेला असतो. तो उत्तर द्यायला वेळ लावतो, नजर टाळतो, कालपर्यंत तपशीलवार बोलणारा आज मोघम बोलतो. मागे वळून पाहिलं की खुणा सापडतात. संगणकाच्या साम्राज्याला चेहरा नसतो, म्हणून त्याच्या खुणा मुद्दाम घडवाव्या लागतात. दुसरं, १९८०च्या सुमारास रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी संगणक-प्रोग्रॅमच्या स्पर्धा घेतल्या होत्या, एकमेकांशी सहकार्य करायचं की दगा द्यायचा अशा डावाच्या. दोन्ही स्पर्धा ॲनातोल रॅपोपोर्ट यांनी पाठवलेल्या 'जशास तसे' या अगदी छोट्या प्रोग्रॅमने जिंकल्या. पहिली चाल सहकार्याची, मग समोरच्याने मागच्या डावात जे केलं तेच आपण करायचं, एवढाच नियम. ॲक्सेलरॉड यांनी त्याच्या यशाची जी कारणं दिली त्यातलं एक मला फार मोलाचं वाटतं: त्याचं वागणं समोरच्याला लवकर उमगायचं. ज्याचा नियम कळतो त्याच्याशी कसं वागायचं तेही कळतं. जांभळ्यांचा नियम मला कळायला अकरा डाव लागले.

दुसऱ्या भागात भाचीच्या खेळाचं निरीक्षण होतं, जसंच्या तसं, माझी टिप्पणी न घालता. बाण, चौकट, सात क्लिक. या भागात सूचना दोनच केल्या. एक, बावीस खिडक्या काढा आणि ज्याने ती गोष्ट आपणहून केली नसेल त्यालाच ती सांगा. 'प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज'चे जॉर्ज फॅन यांनी २०१२च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये आपण शिकवण्याचं काम कसं केलं ते सांगितलं होतं. त्यात एका वेळी पडद्यावर जास्तीत जास्त आठ शब्द, आणि जो खेळाडू चुकतोय त्यालाच सूचना, असे दोन नियम होते. अंतराळातलं साम्राज्य आठ शब्दांत मावणार नाही हे मला मान्य आहे, पण बावीस खिडक्यांपेक्षा ते आठच्या जवळ जाऊ शकतं.

दोन, डिप्लोमसीचा पहिला धडा एका छोट्या प्रसंगातून द्या. शेजारचं दुबळं साम्राज्य तुमच्या हद्दीतून दोन मालवाहू जहाजं जाऊ देण्याची विनंती करतं. हो म्हणा, नाही म्हणा, लगेच कारणांच्या यादीत एक ओळ वाढलेली दिसेल. तीन टर्नांनी त्याचं फळ मिळेल. हो म्हटलं असेल तर तो शेजारी चाच्यांची खबर देईल. नाही म्हटलं असेल तर चाचे खबर न देता येतील. आपण बोलतो, ते लक्षात ठेवलं जातं आणि पुढे त्याचा परिणाम होतो, एवढं त्या प्रसंगातून कळलं की पुरे.

या वेळी उत्तर सविस्तर आलं. ताफ्याचं कोडं उलगडलं. 'सीमेवरचा धोका' मोजणारा भाग गेमच्या अगदी सुरुवातीला लिहिला होता. दुसऱ्याच्या तळावर थांबण्याचे करार त्यानंतर वर्षभराने आले. जुना भाग करार पाहतच नव्हता, जहाज मोडकं आहे की धडधाकट हेही पाहत नव्हता. दोन उड्यांच्या (एका सूर्यमालेतून दुसरीत जाण्याच्या) आत युद्धनौका दिसली की मोज, एवढंच. त्यांनी स्पष्ट लिहिलं की ही आमची चूक आहे, तक्त्यामुळे ती अर्ध्या तासात सापडली.

एक सूचना मात्र त्यांनी नाकारली, आणि त्यांचं म्हणणं मला पटलं. प्रस्ताव मान्य व्हायला नेमके किती गुण कमी पडताहेत तो आकडा दाखवा, असंही मी पहिल्या भागात सुचवलं होतं. ते म्हणाले, आकडा दाखवला की खेळाडू प्रस्तावातलं खनिज एकेकाने कमी करत जातात आणि समोरच्याला शेवटच्या कणापर्यंत पिळून घेतात. मग वाटाघाटी उरत नाहीत, हिशोब उरतो. हे मी स्वतः दुसऱ्या गेममध्ये केलेलं आहे, तासन्‌तास. त्यांनी शब्दांचा मध्यम मार्ग काढला: "विचारही करणार नाही", "अजून बरंच हवं", "जवळ आलात." आकड्यापेक्षा हे मला आता जास्त आवडतं, कारण त्यात थोडा अंदाज बांधावा लागतो.

पहिल्या पत्रातली हेरांबद्दलची, सोयरिकींबद्दलची सूचना त्यांनी बाजूला ठेवली. त्याचं मला काही वाटलं नाही.

गेमची नवीन बिल्ड, म्हणजे सुधारलेली आवृत्ती, आली तेव्हा भाची पुन्हा आली होती. खिडक्या बावीसच्या सहा झाल्या होत्या. ग्रहाची चौकट उघडली की बाण आधी चौकट बंद करायच्या फुलीकडे वळायचा. मालवाहू जहाजांचा प्रसंग त्यांनी घेतला होता, फक्त चाच्यांऐवजी धूमकेतूची खबर ठेवली होती. तिने जहाजांना वाट दिली, यादीत "हद्दीतून जाऊ दिलंत, अधिक १५" ही ओळ उमटली आणि ती म्हणाली, "अच्छा, म्हणजे हे लिहून ठेवतात!"

तिसऱ्या दिवशी तिची एका शेजाऱ्याशी युती झाली. मी मुद्दाम काही बोलले नव्हते, पण एका लढाईनंतर तिनेही तेच केलं, मोडकी जहाजं मित्राच्या सीमेवर आणून उभी केली. तळ मात्र तिने सूर्यमालेतला चुकीचा निवडला, परवानगी नसलेला. दोन टर्नांनी दूत आला. "आमच्या सीमेवर तुमची पाच जहाजं उभी आहेत. तीन टर्नांत हलवा, नाहीतर आम्हाला वेगळा विचार करावा लागेल." मी माझी वही घट्ट धरली. तिने संदेश मोठ्याने वाचला, नकाशावर जाऊन जहाजं मोजली, त्यांच्या लाल पट्ट्या पाहिल्या आणि परत दूताकडे आली. खाली दोन बटणं होती, "हलवतो" आणि "हलवणार नाही."

"मावशी," ती म्हणाली, "ही तर मोडलीत. 'दुरुस्ती झाली की लगेच जातो' असं सांगता येत नाही का?"

सांगता येत नव्हतं. मी वहीचं नवीन पान उलटलं आणि तिचं वाक्य तिच्याच शब्दांत लिहून घेतलं.